दहा सेकंदांचं ऑडिट

नाटकाचं परीक्षण येतं, सिनेमाचं येतं, गाण्याच्या बैठकीचं येतं. हल्ली तर हॉटेलातल्या मिसळीचंसुद्धा येतं. पण खेळाचा सामना संपल्यावर प्रेक्षक मंडळी जी चर्चा करतात, तिचं परीक्षण आजवर कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. वास्तविक ही एक स्वतंत्र कला आहे. तिला रंगमंच लागत नाही, तालमी लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ज्या विषयावर बोलायचं त्याची माहिती लागत नाही. नट रंगला नाही तर प्रेक्षक उठून जातात. इथे प्रेक्षकच नसतात, सगळे नटच. त्यामुळे प्रयोग पडण्याची भीती नाही.

आता तुम्ही विचाराल, या परीक्षणाचा अधिकार तुम्हांला कुणी दिला? रास्त प्रश्न आहे. मी बी.कॉम. आहे, तेही सेकंड क्लास. गेली वीसहून अधिक वर्षं एका बँकेत कारकून आहे आणि त्यातली बरीचशी कॅश काउंटरच्या जाळीमागे काढली आहेत. खेळाच्या मैदानाशी माझा संबंध शाळेत कवायतीपुरता आला, आणि तिथेही मी ‘आराम’ या हुकमावर चमकत असे. पण होऊन गेलेल्या गोष्टीवर शहाणपणाने कसं बोलतात, हे मी वर्षानुवर्षं जवळून पाहिलं आहे. आमच्याकडे दर वर्षी ऑडिटर येतो. त्याला सगळं बरोबर कळलेलं असतं. फक्त ते व्यवहार झाल्यानंतर कळलेलं असतं. सामन्यानंतरची चर्चा म्हणजे शुद्ध ऑडिट. तेव्हा हा विषय माझ्या टेबलाचाच आहे, असं मी मानतो.

परीक्षणासाठी मी जो प्रयोग निवडला आहे तो झाला १७ ऑक्टोबर २०१५ च्या शनिवारी, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, अ‍ॅन आर्बर नावाच्या गावी, माझ्या ताईच्या दिवाणखान्यात. ताईचं बाळंतपण होतं. आईला पोचवायचं होतं आणि आई एकटी विमानात बसायला तयार नव्हती. “विमान चुकीच्या गावाला गेलं तर मी कुणाला विचारू?” असा तिचा सवाल होता. साठवलेली रजा आणि भावोजींनी पाठवलेलं तिकीट, यांच्या जोरावर अस्मादिक अमेरिकेला जाऊन थडकले.

भावोजींनी तिथल्याच मिशिगन विद्यापीठातून एम.एस. केलेलं. त्या माणसाचा पुण्यातला स्वभाव मला ठाऊक होता. लग्नात मानपान राहिला तरी त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण शनिवारी सकाळी ते पिवळा-निळा सदरा घालून जिन्यावरून उतरले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. “आज मॅच आहे,” ते म्हणाले. “आज तेरावं आहे,” असं सांगावं तसा आवाज.

इथे तो खेळ थोडा समजावून घेतला पाहिजे. त्याला फुटबॉल का म्हणतात हे भावोजींनी मला तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांना स्वतःलाच शंका आली. चेंडू गोल नाही, नारळासारखा. तो पायाने क्वचितच मारायचा. एरवी एस.टी.च्या गर्दीत पाकीट धरावं तसा छातीशी धरून पळायचं. हल्ला करणाऱ्या बाजूला चार संधी. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकलात की पुन्हा चार संधी. नाही सरकलात तर चेंडू समोरच्याचा. हे मात्र मला झटक्यात कळलं. कर्जाचं नूतनीकरण! चार हप्त्यांत ठरलेली रक्कम भरली तर मुदत वाढवून मिळते, नाही तर तारण जप्त. म्हणून चौथ्या संधीला लक्षण ठीक दिसेना, तर शहाणी बाजू चेंडू लाथेने लांब भिरकावून देते. जप्ती व्हायचीच तर निदान लांबच्या शाखेत होऊ दे! या लाथेला पंट म्हणतात. वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा. सगळं रामायण त्यावरच आहे.

सामना होता मिशिगन विरुद्ध मिशिगन स्टेट. दोन्ही विद्यापीठं एकाच राज्यातली, शंभरेक किलोमीटरच्या अंतरावरची. मिशिगन स्टेटची सुरुवात १८५५ साली शेतकी कॉलेज म्हणून झालेली, आणि मिशिगनवाले ही गोष्ट अजून विसरलेले नाहीत. कुणी सुनेचं माहेर विसरत नाही तसे. जिंकणाऱ्याला पॉल बनियन या लोककथेतल्या लाकूडतोड्याचा पुतळा मिळतो. राज्याच्या गव्हर्नरने १९५३ साली दिलेला. २००७ साली सामना जिंकल्यावर माईक हार्ट या मिशिगनच्या खेळाडूने मिशिगन स्टेटला ‘धाकटा भाऊ’ म्हटलं. झालं! तेव्हापासून २०१५ धरून जे आठ सामने झाले, त्यांतले सात धाकट्याने जिंकले. घरातल्या धाकट्याला ‘धाकटा’ म्हणण्याआधी वडील मंडळींनी या आकड्याचा विचार करावा. मी स्वतः धाकटा आहे म्हणून सांगतो असं नाही.

सामना मिशिगनच्या मैदानात होता. १९२७ सालचं हे स्टेडियम. लोक त्याला ‘मोठं घर’ म्हणतात. त्या दिवशी तिथे १,११,७४० माणसं बसली होती. कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला एक लाखाच्या वर! आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला प्राचार्यांच्या घरचे आले तरी आम्हांला गर्दी वाटायची. भावोजींना तिकीट मिळालं नव्हतं, त्यामुळे ‘मोठ्या घरा’चा ओव्हरफ्लो आमच्या छोट्या घरात झाला होता. ऑफिसातले दोन स्नेही, त्यांतला एक तेलुगू, एक तिथलाच. शिवाय शेजारचं एक निवृत्त जोडपं. या जोडप्यात नवरा मिशिगनचा आणि बायको मिशिगन स्टेटची. त्यांच्या गाडीवर अर्धा झेंडा निळा आणि अर्धा हिरवा. आंतरजातीय विवाह मी पुष्कळ पाहिले, पण इतका धाडसी पाहिला नव्हता. आई नवरात्राच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी घेऊन कोपऱ्यात बसली होती.

आता प्रत्यक्ष प्रसंग. सामना संपायला दहा सेकंद. मिशिगन २३, मिशिगन स्टेट २१. सुरुवातीपासून त्या क्षणापर्यंत मिशिगन स्टेट एकदाही आघाडीवर नव्हतं. मिशिगनची चौथी संधी, दोन यार्ड हवेत, जागा प्रतिस्पर्ध्याच्या ४७ यार्डांवर. मिशिगनने पंट करायचं ठरवलं. लाथ मारायला उभा होता ब्लेक ओ’नील, ऑस्ट्रेलियाहून आलेला विद्यार्थी. याच पोराने याच सामन्यात आधी एक पंट ८० यार्ड पाठवला होता. भावोजींनी तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आता फक्त चेंडू झेलायचा, लाथ मारायची, घड्याळ संपतं, घरी जायचं. चार वाजून गेलेत, शेवटचं एक व्हाउचर राहिलंय, असा मामला.

चेंडू त्याच्याकडे खालून आला. हातातून निसटला. त्याने तो उचलला आणि वळून कशीबशी लाथ मारायला गेला. तेवढ्यात अंगावर माणसं आली, चेंडू उडाला आणि तो नेमका जेलन वॉट्स-जॅक्सन या मिशिगन स्टेटच्या पोराच्या हातात पडला. तो ३८ यार्ड पळाला आणि रेषेच्या आत कोसळला. घड्याळात शून्य. मिशिगन स्टेट २७, मिशिगन २३. सगळ्या सामन्यात पहिल्यांदा आघाडी, आणि तीही वेळ संपल्यावर. त्या गडबडीत वॉट्स-जॅक्सनचं खुब्याचं हाड निखळून मोडलं. म्हणजे जिंकून देणारा इस्पितळात आणि हरवणारा मैदानात. टीव्हीवर एक विद्यार्थी दिसला. दोन्ही हात डोक्यावर, तोंड उघडं. तो चेहरा पुढे जगभर गाजला. मला तो नवा नव्हता. कॅश टॅली झाली नाही की काउंटरवरचा माणूस अगदी तसाच दिसतो.

इथे खेळ संपला आणि कलेला सुरुवात झाली.

पहिला अंक मूक होता. साधारण दोन मिनिटं. या अंकात सर्वांनीच उत्तम काम केलं. तेलुगू स्नेह्याने हातातला चिप्सचा तुकडा तोंडापासून चार इंचांवर जो धरला होता, तो तसाच ठेवला. एवढा संयम मी व्यावसायिक रंगभूमीवरही पाहिलेला नाही.

दुसऱ्या अंकाची सुरुवात भावोजींनी केली आणि पहिलं वाक्य परंपरेला धरून टाकलं, “मी म्हणत होतोच, पंट नको!” मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्या वेळी ते जे म्हणाले होते ते होतं, “चिवडा इकडे दे.” पण मी ही नोंद केवळ परीक्षकाचं कर्तव्य म्हणून करतो. ‘मी म्हणत होतोच’ हे या कलेचं नांदीपद आहे. त्याशिवाय पडदा वर जात नाही.

मग पक्ष पडले. पहिला पक्ष पंटविरोधी. चेंडू क्वार्टरबॅकने घ्यायचा, मागे मागे पळत वेळ काढायचा आणि मग उंच, मैदानाबाहेर फेकून द्यायचा. दहा सेकंद काय, सहज जातात! हे सांगणाऱ्या गृहस्थांना स्वयंपाकघरातून बर्फ आणायला मघाशी सहा मिनिटं लागली होती, तेव्हा वेळ काढण्याबाबत त्यांचं मत जाणकाराचं मानायला हरकत नाही.

दुसरा पक्ष शेजारच्या निवृत्त गृहस्थांचा. त्यांनी कागद मागून घेतला आणि त्यावर फुल्या-गोळे काढले. त्यांचं म्हणणं असं : मिशिगन स्टेटने चेंडू झेलायला मागे कुणी ठेवलाच नव्हता, सगळी माणसं अंगावर सोडली होती. मग मिशिगनने आपली दोन माणसं लांब कडेला कशासाठी उभी केली? ती आत घेतली असती तर लाथ मारणाऱ्याला अडोसा मिळाला असता. वाचकहो, मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण हे वाक्य ऐकून मी सरसावून बसलो. त्यात शिवी नव्हती, मोजणी होती. कुठे माणूस जास्त होता, कुठे कमी होता, आणि हे कुणी बघायला हवं होतं, एवढंच होतं. चांगलं इन्स्पेक्शन असंच असतं. ते आधी विचारतं, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे होत्या का? एकट्या कॅशियरची मान ते नंतर धरतं.

तिसरा पक्ष ‘पडा’ पक्ष. चेंडू निसटला ना? मग त्यावर नुसतं आडवं पडायचं! चेंडू मिशिगन स्टेटला मिळाला असता, पण इतक्या लांबून, उरलेल्या क्षणांत ते काय करणार होते? मुद्दा बिनतोड होता. फक्त तो मांडणारा इसम स्वतः तीन तास सोफ्यावर आडवा पडलेला होता, त्यामुळे त्यात थोडा स्वानुभवाचा पक्षपात आला.

चौथा पक्ष पंचांवर होता. पहिल्या अर्धात मिशिगनच्या जो बोल्डेन या खेळाडूला धोकादायक धडकेबद्दल पंचांनी बाहेर काढलं होतं. त्या निर्णयाचा शेवटच्या दहा सेकंदांशी काय संबंध, हे मी विचारलं नाही. पाहुण्याने मर्यादा पाळावी.

संपूर्ण प्रयोगात अभिनयाचं बक्षीस द्यायचं तर मी शेजारीणबाईंना देईन. त्यांची बाजू जिंकली होती, पण घर हरलेल्यांचं होतं. त्या निमूटपणे बशा गोळा करत होत्या. नवरा म्हणाला, “हसू नकोस.” त्या म्हणाल्या, “मी हसत नाहीये. माझा चेहराच असा आहे.” बास. दोन वाक्यं. पण त्यांत त्यांनी संसाराची सगळी वर्षं वसूल केली.

इथपर्यंत प्रयोग पहिल्या प्रतीचा होता, हे मी मोकळ्या मनाने नमूद करतो. पण या कलेत एक मूळचा दोष आहे. तिला शेवट नाही. नाटकाला नऊचा ठोका असतो, बँकेला चार वाजतात. चर्चेला काहीच नाही. आणि जी गोष्ट संपत नाही ती खाली घसरते. पहिल्या तासात लाथ चुकली होती. दुसऱ्या तासात लाथ मारणारा चुकला होता. तिसऱ्या तासात तो माणूसच चुकीचा होता. एक म्हणाला, असल्या पोराला संघात घेतलाच कसा? दुसरा म्हणाला, बाहेरून आणलेली माणसं अशीच, त्यांना या सामन्याचं मोल काय कळणार! आणि मग आमचे भावोजी, ज्यांच्या ग्रीन कार्डाची फाईल तेव्हा सात वर्षं कुठल्याशा टेबलावर पडून होती, ते हात उडवून म्हणाले, “परत पाठवा त्याला त्याच्या देशात!”

खोलीत कुणालाच काही खटकलं नाही. तेलुगू स्नेह्याने, ज्यांची फाईल भावोजींच्याही खाली होती, मान डोलावली.

आणि मी? परीक्षकाने प्रामाणिक असावं म्हणून सांगतो. मलाही तोवर सूर लागला होता. खेळ कळत नव्हता, पोरगा माहीत नव्हता, दोन्ही विद्यापीठांशी माझं देणं-घेणं नव्हतं. पण टीव्हीवर तो प्रसंग चाळिसाव्यांदा दाखवला तेव्हा मी पुढे झुकून ठणकावलं, “गाढव आहे लेकाचा!” मराठीत. खोलीत ते समजणारी तीनच माणसं होती, आणि त्यांतली एक माझी आई होती.

“कुणाला रे म्हणतोस?” आईने विचारलं.

“तो बघ. तो ज्याच्या हातून चेंडू पडला.”

आईने चष्मा सारखा करून पाहिलं. “पोरगाच आहे की रे. इथलाच का?”

“नाही, ऑस्ट्रेलियाचा.”

“म्हणजे आई तिकडे?”

“असेल.”

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग आज त्याला जेव म्हणून कोण म्हणालं असेल?”

मी काही उत्तर दिलं नाही. तिनेच पुढे म्हटलं, “तुझी कॅश कमी आली होती तेव्हा दोन दिवस तू पानावरून उठून जात होतास.”

एवढं बोलून ती खिचडीची बशी ठेवायला आत गेली.

आता ही कॅशची गोष्ट मी सांगणार नव्हतो. पण विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. दिवाळीच्या आदला आठवडा, काउंटरवर मारुतीच्या शेपटासारखी रांग. मी दहा हजार द्यायचे म्हणून शंभराच्या नोटांचं पाकीट उचललं, ते पाचशेचं निघालं. दहाच्या जागी पन्नास हजार गेले. संध्याकाळी चाळीस हजार शॉर्ट. घेणारा कोण ते शेवटपर्यंत सापडलं नाही. महिना दोन हजार प्रमाणे वीस महिने मी ते भरले. पैशांचं दुःख वीस महिन्यांत फिटलं. फिटलं नाही ते दुसरंच. त्या दिवशी चहाच्या टेबलावर जी चर्चा झाली, ती मी शेजारच्या रेकॉर्ड रूममध्ये उभा राहून ऐकली होती. पहिल्या पंधरा मिनिटांत माझी चूक झाली होती. पुढच्या पंधरा मिनिटांत मला काउंटरवर बसवणं ही चूक होती. आणि चहा संपता संपता एक सहकारी, ज्याच्या मुलाच्या मुंजीत मी पंगत वाढली होती, म्हणाला, “चूक झाली म्हणतो. आपण थोडंच बघायला गेलोय?”

त्याआधीची कितीतरी वर्षं माझी कॅश रोजच्या रोज टॅली झाली होती. त्याबद्दल चहाच्या टेबलावर एकदाही चर्चा झालेली नव्हती. होत नसतेच. बरोबर आलेल्या कॅशमध्ये बोलण्यासारखं काय असतं?

त्या रात्री आमचा शिपाई वडापाव घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, आधी खा. आकडा कुठं पळून जात नाही.” अख्ख्या शाखेत त्या दिवशी झालेलं हे एकमेव जबाबदार समीक्षण.

आणि हे काही अमेरिकेतच होतं असं नाही. १९८६ च्या एप्रिलमध्ये मी सात वर्षांचा होतो. शारजातला अंतिम सामना आम्ही चाळीतल्या एकुलत्या एक रंगीत टीव्हीसमोर पाहत होतो. पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. चेतन शर्माचा चेंडू फुलटॉस पडला आणि जावेद मियाँदादने षटकार मारला. चाळीत त्या रात्री चूल पेटली नाही, पण चर्चा सकाळपर्यंत पेटलेली होती. चेतन शर्मा तेव्हा वीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ ला, आपल्या नागपुरात त्याने न्यूझीलंडच्या तिघांच्या ओळीने दांड्या उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. पण आजही कुणाला चेतन शर्मा म्हणा. तो मियाँदाद म्हणतो. माणसाचं खातं बघताना आपण जमेची बाजू कधी उघडतच नाही. ८० यार्डांच्या पंटचंही हेच झालं. पासबुकात एंट्री होती, पण पान उलटलं कुणी?

असो. परीक्षणाकडे वळू. सामन्यानंतरची चर्चा वाईट, ती बंद करा, असं मी म्हणणार नाही. ती बंद केली तर माणसं एकमेकांशी काय बोलतील, ही मला खरी काळजी आहे. भावोजी परदेशात एकटे राहिले नाहीत ते या चर्चेमुळेच. ज्या गावात आपलं आडनाव कुणाला उच्चारता येत नाही, तिथे ‘पंट करायला नको होता’ एवढं म्हटलं की शेजारी दार उघडून आत घेतो. मुंबईत लोकलमध्ये चौथी सीट मिळवायला क्रिकेट उपयोगी पडतं, तसंच आहे हे. तेव्हा कला थोर आहे यात वाद नाही. वाद आहे तो फक्त कुठे थांबायचं याचा. ‘ही दोन माणसं आत हवी होती’ इथपर्यंत ती टीका असते. ‘हा माणूसच नको होता’ इथे ती टीका राहत नाही. तिथे आपण नुसती आपली कॅश दुसऱ्याच्या नावे शॉर्ट दाखवत असतो.

आमच्या दिवाणखान्यात निदान खालचा आवाज तरी होता. बाहेर मोबाईलवर लोकांनी त्या मुलाला जे लिहिलं ते जिवावर उठलेलं होतं. इतकं, की मिशिगनच्या क्रीडा विभागाचे तेव्हाचे हंगामी संचालक जिम हॅकेट यांना जाहीर पत्र लिहून आपल्याच चाहत्यांना सांगावं लागलं, की हे बोलणं अविचारी आहे, दुखावणारं आहे, आपल्याला शोभणारं नाही. हॅकेट हे आधी फर्निचरच्या कंपनीचे प्रमुख होते. लोकांना नीट बसायला लावण्याचा त्यांना अनुभव होता.

यात आणखी एक हिशेबाचा मुद्दा आहे, आणि तो बी.कॉम. माणसाने मांडला नाही तर पदवी परत करावी लागेल. त्या वर्षी मिशिगनचे प्रशिक्षक जिम हार्बो यांचं पहिलंच वर्ष होतं आणि त्यांना वर्षाला सुमारे ५० लाख डॉलर मिळत होते. त्या काळच्या नियमाप्रमाणे खेळाडूंना पगार नव्हता. फार तर शिष्यवृत्ती. म्हणजे निर्णय घेणाऱ्याला पैसे आणि चूक झेलणाऱ्याला शिव्या, अशी विभागणी होती. बँकेत काम केलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. आता काळ बदलला. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात आणि २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेटही पैसे देऊ शकतात. चांगली गोष्ट आहे. फक्त मला धास्ती एकच वाटते. आता चर्चेतले लोक म्हणतील, पैसे घेतो ना, मग ऐकून घे! काउंटरच्या या बाजूला हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. पगार कामाचा असतो. शिव्यांचा भत्ता वेगळा असतो, आणि तो अजून कुठल्याही वेतन करारात मंजूर झालेला नाही.

त्या रात्री प्रयोग अकराच्या सुमाराला आटोपला. जाताना निवृत्त गृहस्थांनी फुल्या-गोळ्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला. भावोजी बराच वेळ रिकाम्या बशांकडे पाहत बसले. मग म्हणाले, “ते परत पाठवा म्हणालो ते जरा जास्तच झालं, नाही?” मी म्हटलं, “थोडं.” ते म्हणाले, “तूही गाढव म्हणालास.” मी म्हटलं, “हो.” ऑडिटच्या भाषेत याला ताळमेळ बसणं म्हणतात. मग आम्ही दोघांनी आईच्या उरलेल्या खिचडीचा निकाल लावला.

या गोष्टीला आता दहा वर्षं होऊन गेली. मिशिगनने पुढे मिशिगन स्टेटला पुष्कळदा हरवलं आणि २०२४ च्या जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. भावोजींनी तेव्हा मला पहाटे फोन करून उठवलं. चर्चा चाळीस मिनिटं चालली. जिंकलेल्या सामन्याची चर्चा फार बेचव असते. तीत कुणीच ‘मी म्हणत होतोच’ म्हणत नाही, सगळे ‘आपण जिंकलो’ म्हणतात.

हे परीक्षण मी आज संध्याकाळी घरी येऊन लिहिलं. आज सोमवार, महिन्याची पहिली तारीख, पेन्शनरांची रांग फूटपाथपर्यंत गेली होती. चार वाजता मोजणी केली. कॅश पैशापैशाला टॅली झाली.

कुणीही चर्चा केली नाही.